सदतीस हात

मी विहिरीत डोकावत नाही, हे माझ्या बायकोला ठाऊक आहे. का डोकावत नाही, ते ठाऊक नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी पिंपळनेरला गेलो, तेव्हा सासरे मोठ्या कौतुकानं मळ्यातली विहीर दाखवायला घेऊन गेले आणि मी दहा पावलं अलीकडेच थांबलो. मला चक्कर येते, असं सांगून टाकलं. ती थाप इतकी बेमालूम चिकटली की आता घरात सगळे मला जपतात. मला कधी चक्कर आलेली नाही. जे आहे ते वेगळं आहे, आणि ते आजपर्यंत या तोंडातून बाहेर पडलेलं नाही — बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ थोडी तरी वळेल असं वाटतंय. बघू.

मी शिक्षक आहे. धुळ्यात वाढलो, आणि भडगावपासून थोड्या अंतरावर गिरणाकाठच्या एका गावात, तिथल्या हायस्कुलात, विज्ञान आणि भूगोल शिकवायला आलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वय तिशीच्या आत, डोक्यात हवा बरीच. गावातल्या लोकांना आपण शहाणं करायला आलोय, असं मला खरंच वाटायचं. हसा, हरकत नाही.

त्या सुमारास जळगावला शिक्षकांचं एक शिबिर झालं. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि सांगितलं की धूर आणि कोळसा यांच्यामुळे सगळ्या पृथ्वीचीच हवा तापत चालली आहे, पावसाचं गणित बदलणार आहे, पाणी खोल जाणार आहे. आज हे सगळ्यांच्या तोंडी आहे. तेव्हा नव्हतं. परतीच्या एसटीत मला बसवत नव्हतं. बाहेर मे महिन्याचं जळगाव भट्टीसारखं तापलेलं, आणि मला वाटत होतं, हे सगळं आता मलाच सांगायचं आहे, नाहीतर कोण सांगणार? भीती वाटत होती, खरी. पण त्या भीतीत एक मजाही होती, हेही लिहायला हवं. मोठी बातमी आपल्या हाती लागल्याची मजा.

शाळा उघडल्यावर मी आठवीच्या मुलांकडून विहिरी मोजून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकानं आपल्या किंवा शेजारच्या मळ्यातली एक विहीर धरायची. दोराला दगड बांधून खाली सोडायचा, दगड पाण्याला टेकला की दोराला काठाशी गाठ मारायची, दोर वर घ्यायचा आणि मोजायचा. पाणी काठापासून किती खाली आहे, ते वहीत लिहायचं. मोजायचं कशानं? हातानं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात — खेड्यात विहीर अशीच मोजतात, अमक्याची चाळीस हात, तमक्याची पन्नास हात. शिबिरात सांगितलं होतं, लोकांची मापं वापरा म्हणजे लोकांना कळेल. शाळेत एक कापडी टेप होता. तो खेळाच्या कपाटात असायचा, कपाटाची किल्ली पीटीच्या सरांकडे, आणि त्यांच्याशी माझं चहावरून बिनसलेलं. विज्ञानाच्या शिक्षकाला तो टेप मागावासा वाटला नाही. मुलं काठावरून वाकू नयेत म्हणून एक नियम मात्र मी केला — दोर घरच्या मोठ्या माणसानंच सोडायचा आणि मोजायचा. चांगला नियम होता. पण त्यात कोणाचा हात, हे लिहायला मी सांगितलं नाही.

विमल त्या वर्गात होती. किडकिडीत, उंचीला बेताची, वेणीला कायम एकच तांबडी रिबीन. तिचे वडील — सारा गाव त्यांना नाना म्हणायचा — एवढे उंच की शाळेच्या ऑफिसात येताना चौकटीखाली वाकावं लागे. नानांची केळी होती, थोडा कापूस होता, खाऊनपिऊन सुखी घर. विहीर जुनी, पन्नासेक हात खोल, बारमाही. पहिल्या वर्षी विमलच्या वहीत नानांनी मोजलेला आकडा होता, डिसेंबरचा : तीस हात.

दुसऱ्या वर्षी, मुलं नववीत गेल्यावर, त्याच महिन्यात : सदतीस हात.

वर्गात मी तो आकडा वाचला आणि माझे डोळे चमकले — हो, चमकलेच. बाकीच्यांच्या विहिरी जिथल्या तिथे होत्या, फार तर हातभर इकडेतिकडे. त्या आकड्यांत काही दम नव्हता. आणि इथे एका वर्षात सात हात! मी बाकीच्या वह्या बाजूला ठेवल्या. का ठेवल्या? कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, नमुना म्हणून एकच विहीर घेतली. कोणी विचारलं नाही.

मोठ्या कार्डशीटवर मी स्वतः आलेख काढला. निळी रेघ तीसवरून सदतीसवर उतरणारी, आणि तिथून पुढे तांबड्या शाईनं तुटक तुटक रेघ, त्याच उतारानं, थेट तळापर्यंत. दोन वर्षांत तळ. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : ‘तापणारी पृथ्वी, आटणारे पाणी.’ भडगावच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायला मुख्याध्यापक तो तक्ता स्वतः घेऊन जाणार होते. माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती. तो कागद संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, विमल वही घेऊन आली. मी तक्त्याला पट्ट्या चिकटवत होतो.  दारातूनच म्हणाली, “सर, मना हात धाकला शे.”

हात लहान आहे म्हणजे काय, मला कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, अडखळत. यंदा नानांना वेळ नव्हता, म्हणून दोर आईनं सोडला आणि मोजला विमलनं. स्वतःच्या हातानं. तक्ता पाहिल्यावर तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. नाना ओट्यावर टेकले होते, तेव्हा तिनं त्यांच्या कोपरापासून बोटापर्यंत सुतळी लावली, तेवढी तोडली, आणि त्या सुतळीनं दोर पुन्हा मोजला. तीस हात आणि वर चार बोटं. पाणी गेल्या वर्षीएवढंच होतं.

तुम्हाला कळतंय ना तिनं काय केलं होतं ते? चौदा वर्षांची पोर. आपलाच आकडा चुकला असेल, असा संशय तिनं घेतला, तो तपासण्याची रीत स्वतः शोधली, आणि चूक सापडल्यावर ती सांगायला आली. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं चोख विज्ञान दुसऱ्या कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. मी काय केलं? माझी पाचावर धारण बसली. मुख्याध्यापकांना काय सांगू? अध्यक्षांना काय? मापाचं साधं एकक ठरवता येत नाही असा विज्ञानशिक्षक — त्याला कायम कोण करणार?

मी तिच्या हातून वही घेतली. म्हटलं, मी बघतो. म्हटलं, तू हे कोणाला सांगू नकोस, उगाच गोंधळ होईल. आणि मग मी तिला समजावलं — हे सगळ्यात वाईट — की पृथ्वी तापतेय हे तर खरंच आहे ना? पाणी खोल जाणार हे खरंच आहे ना? मग एका विहिरीच्या चार-सहा हातांनी काय होतं?   तिनं दप्तर उचललं आणि ती गेली. वही माझ्याकडे राहिली.

इथेच थांबलो असतो तर ती एका मास्तराची लबाडी झाली असती. पुढचं सांगायला नको वाटतंय. दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

तक्त्याला तालुक्याचं पहिलं बक्षीस मिळालं. सव्वीस जानेवारीला तो शाळेच्या व्हरांड्यात लावला, वर झेंडूची माळ, कोपऱ्याला बक्षिसाची फीत. झेंडावंदनाला सगळा गाव होता. अध्यक्षांनी भाषणात माझं नाव घेतलं. भाषणं संपली, मुलांना साखर वाटली, आणि माणसं तक्त्यापुढून सरकू लागली. नाना मात्र तिथेच थांबले. टोपी हातात घेऊन, तांबड्या रेघेकडे बघत. त्यांच्या शेजारी विमल.

नानांनी मला हाक मारली. म्हणाले, “सर, डोयाले त पानी तेवढंच दिसस. मनी इहीरनं पानी सरी जाई का खरंच?”

माझ्या एका बाजूला मुख्याध्यापक होते, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष. दोघंही ऐकत होते, कौतुकानं. समोर विमल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला आजही शपथेवर सांगता येईल — तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, वाट बघणं होतं. सर आता सांगतील, असं.

मी म्हणालो, “नाना, डोळ्यांना जे दिसत नाही, तेच तर विज्ञान दाखवतं.”

हा माझा गुन्हा. वाक्य लहान आहे, नाही का? सुरेखही आहे. अध्यक्षांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे दोन भाषणांत वापरलं. माझा कायम झाल्याचा कागद फेब्रुवारीत आला.

नानांनी विहीर खोल करायला घेतली ती चैत्रात. दगड वर ओढायची यारी आणली, विहिरीच्या काठाशी रोवली, पंप लावून पाणी उपसलं. मला ते कळलं. अजून वेळ होता. मळा शाळेपासून हाकेच्या अंतरावर. जायचं, नानांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं — नाना, थांबा, माझी चूक झाली. किती वाक्यं होतात? मी रोज ठरवायचो. सकाळी शाळेत जाताना सुरुंगाचा दणका ऐकू यायचा, वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या, मुलं हसायची, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो, कारण माझा चेहरा मुलांना दिसू नये. विमल दुसऱ्या बाकावर असायची. तिच्याकडे बघायची माझी टाप नव्हती. ती कधीही उठून उभी राहील आणि बोलेल, या धसक्यानं मी तिला त्या दोन महिन्यांत एकही प्रश्न विचारला नाही. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि तिच्या डोक्यावरून माझी नजर मागच्या बाकाकडे.

वैशाखात, परीक्षेचे पेपर तपासत मी स्टाफरूममध्ये बसलो होतो. आधी ओरडा ऐकू आला. मग माणसं धावताना दिसली. मला कोणी काही सांगायच्या आधीच कळलं होतं.

दगडांनी भरलेली लोखंडी बादली वर येताना यारीचा दोर घसरला. खाली नाना होते. एवढ्या उंच माणसाला बाजेवर बांधून वर काढायला बराच वेळ लागला. मी काठापाशी गेलो, खाली बघितलं. तेव्हा शेवटचं. विमल पलीकडच्या काठावर उभी होती. ती रडत नव्हती. तिनं मान वर केली आणि आमची नजर एक झाली, आणि मी — मी जीप बोलावायच्या निमित्तानं तिथून पळालो. जीप मीच आणली, धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत मीच बरोबर गेलो, आठ दिवस मीच डबा नेला. गावात माझं केवढं नाव झालं त्यानं! सर देवमाणूस. पाठीचा मणका मोडला होता. नाना वाचले, कमरेखाली हलले नाहीत ते कायमचे.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या हजेरीत विमलचं नाव होतं. महिनाभर मी ते पुकारलं. कोणी हजर म्हणालं नाही. मग तांबड्या शाईनं ते नाव खोडलं, मीच. ती मळ्यात होती, आईच्या बरोबरीनं. पुढे दोन वर्षांनी नशिराबादला देऊन टाकली.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी? घडायचं ते घडून गेल्यावर तरी? पण तेव्हा तर भीती आणखी वाढली. आधी नोकरीची होती, आता लोकांची. मी बाजारात लवकर जायचो, म्हणजे नानांच्या घरचं कोणी भेटणार नाही. नाना ओट्यावर बाजेवर असायचे, रस्त्याकडे तोंड करून. मी दिसलो की हात उंच करून हाक मारायचे. दर वेळी वाटायचं : आज हे विचारतील. आज विमलनं सांगितलं असेल. जवळ गेलो की ते विचारायचे, “सर, चहा लेतस का?”

पुढे एका वर्षी पाऊस खरंच दगा देऊन गेला. गावातल्या विहिरी तळाला गेल्या, आणि नानांच्या खोल केलेल्या विहिरीत पाणी राहिलं. अर्धा गाव तिथे हंडे घेऊन यायचा. नाना बाजेवरून सगळ्यांना सांगायचे, सरनी सांगं व्हतं. माणसं माझ्याकडे बघून मान डोलवायची. माझं खोटं खरं ठरलं होतं. कित्येक वर्षं मी ते उराशी धरून बसलो — बघा, शेवटी उपयोगच झाला ना? ते सगळं मी इथे लिहून काढलं होतं, पान-दीड पान. फाडून टाकलं. त्या पाण्याचं श्रेय माझं नाही, आणि मोडलेला मणका माझा आहे.

मी अजून शिकवतो, संस्थेच्याच दुसऱ्या गावच्या शाळेत. तापणारी हवा, कमी होणारी जंगलं, खोल जाणारं पाणी. आता पुस्तकातच धडा आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी कापडी टेप टेबलावर ठेवतो आणि सांगतो, मापाशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मुलांना वाटतं, सर कडक आहेत. आणि दरवर्षी एखादं पोर विचारतंच — सर, पाणी खरंच संपेल का? मी टेप उचलून गुंडाळत बसतो. कारण ते आता खरं आहे, जे मी तेव्हा खोटं सांगितलं ते. आणि सांगणारं तोंड तेच आहे.

यंदा माघात नाना गेले. तेराव्याला गेलो. जेवणाची पंगत उठली होती, मी ओट्यावर एका कडेला बसलो होतो. नानांची बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. विमल पाण्याचा तांब्या घेऊन आली. आता दोन मुलांची आई, पण हात तसेच, लहान. मी तांब्या घेतला. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे समोरासमोर पहिल्यांदाच. माझ्या मनात एकच चाललं होतं : आता ही सांगणार. आता भरल्या घरात.

ती हळूच बोलली, माझ्यापुरतंच. आवाजात राग असता तर मला झेपला असता.

“सर, नानाले मी तवयच सांगं व्हतं. झेंडावंदन व्हयनं, त्याच दिनले. पानी तेवढंच शे, मीच चुकाडं म्हनीसन. नाना म्हने, सर खोटं बोलतीन का?”

आणि रिकामा तांब्या घेऊन ती आत गेली.

म्हणजे ती गप्प बसलीच नव्हती. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो, ते तिनं पहिल्याच दिवशी केलं होतं. नानांच्या समोर दोन माणसं होती. एक त्यांची स्वतःची मुलगी, जिनं सुतळी लावून मोजलं होतं. दुसरा मी. त्यांनी मला निवडलं.

तिची वही माझ्या ट्रंकेत आहे, हिवाळी कपड्यांच्या खाली. कोणाच्या हाती लागू नये म्हणून तीन बदल्यांत मी ती स्वतः उचलून नेली आहे. काल काढली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, शाळेतल्या नीट अक्षरात, लिहिलं आहे : ‘माझा हात सदतीस. नानांचा हात तीस, चार बोटे. आधीचे माप चुकले आहे. चूक माझी आहे. — विमल, नववी.’

त्याखाली, सर वही तपासून सही करतात ती जागा, कोरी आहे.